परळ वगळून

नारायणरावांनी मुंबई कधी पाहिली नव्हती. तरी त्या हिवाळ्यात राजापेठेतल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर रोज संध्याकाळी मुंबई खडूने काढली जायची आणि सकाळी त्यांची बायको कुंदा ती केराबरोबर झाडून टाकायची.

नारायणराव अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मुंबईसह महाराष्ट्र होऊन वर्ष उलटलं होतं. नागपूरची राजधानी गेली म्हणून कचेरीतले निम्मे लोक अजून कुरकुरत होते. नारायणराव म्हणायचे, "गेली ती गेली. नवी कशी आहे ते तर बघून येऊ." तिथे उतरायला ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून बेत एका दिवसाचा होता. सकाळी बोरीबंदरला उतरायचं, दिवसभर पायी हिंडायचं आणि रात्रीची गाडी पकडून परत यायचं. ट्राम नाही, बस नाही. मुंबईला जाऊन आलेल्या प्रत्येकाला गाठून त्यांनी रस्ते विचारून घेतले होते आणि आता कुंदाला समोर बसवून ते तिच्याकडून घोकून घेत.

"फाउंटनपासून कुठे?"

"म्युझियम."

"डावीकडे काय लागेल?"

"काळा घोडा."

"उजवीकडे, उजवीकडे! अशी गोंधळलीस तर गेटवेला पोचेपर्यंत दुपार होईल."

सकाळी ते तिला मालटेकडीवर चालायला नेत. चालण्याची सवय हवी ना! ते पुढे, मागे पदर सावरत कुंदा. शेजारणी ओट्यावरून हसत. कुंदाला मूलबाळ नव्हतं, घरात सासू-सासरे नव्हते; बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, हिला कसला जाच? जाच असा नव्हताच. फक्त दिवसाचा प्रत्येक तास आधीच कुणीतरी आखून ठेवलेला असायचा, आणि त्यात तिने आपलं असं काही ठेवावं एवढी फट कुठे नसायची.

तिला मुंबईत एकच जागा पाहायची होती, आणि ती बेतात नव्हती.

तिची धाकटी बहीण शालू अमरावतीला तिच्याकडे राहूनच कॉलेज शिकली. तिच्या वर्गात धर्मपाल होता. अकोल्याच्या गिरणी कामगाराचा मुलगा, छप्पन साली घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध झालेला. परीक्षा झाल्यावर दोघांनी लग्न केलं आणि मुंबई गाठली. अकोल्याला कुंदाच्या वडिलांनी शालूच्या नावाने आंघोळ केली. सगळे त्यांना नाना म्हणत. अर्ध्या जुन्या शहराची भिक्षुकी त्यांच्याकडे होती. ते जावयाला एवढंच म्हणाले, "तुमच्या छपराखाली घडलं हे." ते वाक्य नारायणरावांच्या अंगात काट्यासारखं राहिलं. त्यानंतर त्यांच्या घरात शालूचं नाव निघालं नाही. बाजारात भेटलेल्या शालूच्या एका मैत्रिणीने कुंदाला सांगितलं होतं, ती परळला राहते, चाळीत. एवढंच.

एका संध्याकाळी खडूची रेघ चौपाटीवरून वळून राणीच्या बागेपर्यंत आली, तेव्हा कुंदाने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "इथून परळ जवळच असेल ना?"

नारायणरावांचा हात थांबला. "परळला काय आहे बघण्यासारखं?"

"नाही, सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशीच्या मुंबईत राणीची बाग नव्हती. चौपाटीवरून रस्ता सरळ बोरीबंदरला परत येत होता.

त्यातच नानांनी कळवलं की तेही येणार, मुंबादेवी आणि वाळकेश्वर करायचं आहे. गाडी अकोल्यावरूनच जायची, तेव्हा आदल्या दिवशी अकोल्याला मुक्काम आणि तिथून तिघांनी निघायचं ठरलं. कुंदाने बॅग भरली. आता एका बाजूला नवरा आणि एका बाजूला बाप, मधून ती चालणार होती. मुंबई केवढी का मोठी असेना, तिच्या वाट्याला तेवढीच रुंद येणार होती.

अकोल्यात मोर्णा नदीच्या अलीकडे, राजराजेश्वराच्या देवळापासून जवळ, अरुंद गल्लीत नानांचं घर. जेवणं झाल्यावर नारायणरावांनी हौसेने सासऱ्यांपुढे फरशीवर मुंबई मांडली. नाना सुपारी कातरत ऐकत होते.

"आणि ती प्राण्यांची बाग? वाघ आहेत म्हणतात."

"ती लांब पडते, नाना."

ताटं उचलता उचलता कुंदा बोलून गेली, "लांब नाही पडत. तिच्यापुढे परळ आहे म्हणून गाळली."

आई, अनसूयाबाई, स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांच्या हातातलं भांडं खाली पडलं नाही की काही नाही. त्या फक्त होत्या तिथे थबकल्या. नानांनी आवाज चढवला नाही.

"परळला आपलं कुणी नाही."

"माझी बहीण आहे."

"कुंदा," नारायणराव दबक्या आवाजात म्हणाले, "काय बोलून राहिलीस तू?"

"तिला नुसती बघून येते. तुम्ही रस्त्यावर थांबा. मी वर जाईन, बघेन, खाली येईन."

"मग वाळकेश्वर कशाला करायचं?" नाना म्हणाले. "तिथे जाऊन आल्यावर मी कोणत्या तोंडाने कुणाच्या घरी कलश मांडू? उद्या गावाला कळलं तर पुजेला बोलावणारं एक घर राहणार नाही. तू खायला घालशील आम्हाला?"

नाना रागाने बोलत असते तर तिनेही रागाने तोंड उघडलं असतं. ते घाबरून बोलत होते. ती एवढंच म्हणाली, "मग मी येत नाही."

"काहून? एवढं सगळं ठरवून..." नारायणराव म्हणाले. नानांनीच निकाल दिला, "राहू द्या तिला आईपाशी."

दोघं पुरुष गेले. कुंदाला वाटलं होतं, नाही म्हटल्यावर मोकळं वाटेल. पण घराचं दार लागलं तेव्हा कळलं, ती मुंबईच्या बेतातून सुटून या घरात येऊन पडली होती. शालूपासून होती तेवढीच लांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. अनसूयाबाई मान वर न करता म्हणाल्या, "पोर इथेच आहे."

"कोण पोर?"

"शालूची. मुलगी आहे. ती दोघं तिकडे नोकरी करतात, पोर सासूपाशी ठेवली आहे. पुलापलीकडे, गिरणीच्या मागे. दूधवाली मैनाबाई सांगत होती."

"केव्हा सांगितलं?"

"या नाही, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात."

कुंदा त्यांच्याकडे बघतच राहिली. सव्वा वर्ष ही बाई नातीपासून एका नदीच्या अंतरावर बसून तांदूळ निवडत होती. "आणि तू गेली नाहीस?"

"एकदा गेले होते पुलापर्यंत. समोरून सराफांची सून आली. म्हणाली, काकू, इकडे कुठे? मी म्हटलं, वाट चुकले." अनसूयाबाई हसल्यासारखं करून म्हणाल्या, "खोटं तरी काय? मला पुलापुढचा रस्ता माहीत नाही. कधी गेले तर टांग्यातून, पडदा लावून."

कुंदाने सूप बाजूला ठेवलं. "आज जायचं."

मग दोघींनी बेत आखला. कोणत्या रस्त्याने जायचं यापेक्षा कोणता टाळायचा, हाच प्रश्न मोठा होता. देवळासमोरून नको, तिथे गुरव ओळखतो. बाजारातून नको, निम्मी दुकानं यजमानांची. पलीकडच्या गल्लीत पुढच्या आठवड्यात नाना सत्यनारायण सांगणार होते. अनसूयाबाई एकेक घर आठवून सांगत होत्या आणि कुंदाला दिसत होतं, की आईला या गावात मोकळी अशी एकही गल्ली नाही. उरली ती घाटावरून धोब्यांच्या दगडांशेजारून जाणारी पायवाट, तीही भर दुपारी, लोक जेवून आडवे झाल्यावर. खाऊ न्यावा तर डब्यातला कमी झालेला नानांच्या लक्षात येईल. म्हणून हात हलवत निघाल्या.

हिवाळ्याचं ऊन, तरी अनसूयाबाईंना घाम फुटला. पूल ओलांडताना त्यांनी कुंदाचं मनगट धरलं ते गिरणीची भिंत संपेपर्यंत सोडलं नाही. पुढे विचारत विचारत गेल्या. धर्मपालच्या आईचं, केशरबाईचं, घर कुणीही दाखवलं असतं. शेणाने सारवलेलं अंगण, दारात तुळशीच्या जागी झेंडू, आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. केशरबाई दारात बसून तूर पाखडत होत्या. कोण आलं ते त्यांनी न सांगता ओळखलं. त्या उठल्या नाहीत.

"आल्या," त्या म्हणाल्या. "मले वाटे, या जन्मात नाई येत तुमी."

अनसूयाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या.

"इतके दिवस काहून नाई आल्या? म्या अडवलं होतं का तुमाले?"

"नाही," कुंदा म्हणाली. "तुम्ही नाही अडवलं."

केशरबाईंनी मग सूप बाजूला सारलं, सतरंजी टाकली. "बसा. सुजाता! ये बाई, बघ कोन आलं."

दाराआडून एक पोर आली. अंगात फुलांचा फ्रॉक, तोंडाला गूळ लागलेला. ती आधी कुंदाकडे गेली आणि तिच्या बांगड्या मोजल्यासारख्या फिरवू लागली. अनसूयाबाईंनी हात पुढे केला नाही. त्या नुसत्या बघत होत्या, जणू हात लावला तर कुणीतरी विचारेल, काकू, इकडे कुठे?

चहा आला. केशरबाई सांगत होत्या, शालू दर उन्हाळ्यात येते, इथेच राहते. "रोज दिवस बुडता बुडता तुमच्या गल्लीच्या तोंडापाशी जाते अन् वापस येते. म्या म्हणते, जात काहून नाई आत? तर म्हणते, नाना ओट्यावर असतात."

अनसूयाबाईंनी निवलेला चहा उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. मग त्यांना रडू आलं. पोर घाबरून केशरबाईंच्या मांडीत शिरली.

निघताना केशरबाईंनी विचारलं, "पोरीले काय सांगू, कोन आलतं?"

"आजी म्हणा," अनसूयाबाई म्हणाल्या. "पण बाहेर कुणापुढे म्हणू देऊ नका."

"लेकरू हाय ते, बाई. त्याले काय अंदर अन् काय बाहेर?"

आल्या वाटेने त्या परत गेल्या आणि नेहमीच्या वेळी चूल पेटली.

पुरुष परत आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. नाना पाय शेकत आत पडले. परसात विहिरीपाशी नारायणराव हातपाय धूत होते, तिथे कुंदा पाणी ओढायला गेली.

"झाली बघून मुंबई?" तिने विचारलं.

"कसली मुंबई. मुंबादेवी केली, फाउंटनपर्यंत गेलो आणि नानांचे पाय भरून आले. परत बोरीबंदरला येऊन बाकावर बसलो, ते गाडी लागेपर्यंत." ते थोडं थांबले. "तिथे बायका येत होत्या, जात होत्या, कचेरीतल्या, खांद्याला पिशव्या अडकवलेल्या. नाना प्रत्येकीचं तोंड बघत होते. एकदा तर उठून चार पावलं कुणाच्या तरी मागे गेले. मग मला म्हणाले, इथून परळ किती लांब?"

कुंदाच्या हातातला दोर तसाच राहिला. "तुम्ही काय सांगितलं?"

"लांब आहे म्हटलं." नारायणराव पायावर पाणी ओतत राहिले. "मला वाटलं, त्यांना तेच ऐकायचं आहे."

दुपारी नाना ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. कुंदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आई आतून नको नको म्हणून मान हलवत होती, तरी ती बोलली.

"नाना, आई आणि मी पुलापलीकडे गेलो होतो. शालूची मुलगी आहे तिथे. सुजाता नाव आहे."

अडकित्ता थांबला.

"तुझी आई गेली होती?"

"हो."

"चालत?"

"चालत."

त्या रात्री नाना जेवले नाहीत. अनसूयाबाई भिंतीला टेकून बसून राहिल्या. काय होणार ते होऊ दे, अशी ती बैठक नव्हती, होणार त्याची वाट बघणारी होती. पण काहीच झालं नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. दुसऱ्या दिवशी दुपार होताच त्यांनी पदर घेतला आणि कुंदाला म्हणाल्या, "चल."

ओट्यावरून नाना म्हणाले, "आता उन्हात कशाला? उन्हं उतरल्यावर जा."

उन्हं उतरल्यावर सगळी गल्ली दारात बसलेली असते, हे नानांना काय माहीत नव्हतं? अनसूयाबाई थांबल्या, आणि संध्याकाळी दोघी देवळासमोरून, बाजारातून, सगळ्यांच्या देखत गेल्या.

त्याची किंमत पडायची ती पडली. काही घरांनी नानांना बोलावणं सोडलं. नानांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही, आणि ते स्वतः पुलापलीकडे कधी गेलेही नाहीत.

उन्हाळ्यात शालू आली. कुंदा तेव्हा अकोल्यालाच होती. दिवेलागणीला शालू पोरीला घेऊन गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. नाना ओट्यावर उठून उभे राहिले. ती पुढे येईना, ते खाली उतरेनात, आणि मधल्या घरांतली माणसं बघत होती. शेवटी अनसूयाबाईच गेल्या. शालूशी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. शालू तिथेच राहिली. त्या मात्र सुजाताला कडेवर घेऊन चालत आल्या आणि ओट्याची पायरी चढल्या.

नाना दारात होते. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आत जायला वाट मिळेल एवढे ते बाजूला सरकले.