योगेंद्रच्या चार पकडी

देवळीच्या जिममध्ये दोन वर्षांत योगेंद्रची पाठ सोडून बाकी सगळं वाढलं होतं. बॅगेतली हँडलं, मोबाइलमधले व्हिडिओ आणि बोलणं. हार्डवेअरचं दुकान उघडण्याआधी तो रोज यायचा आणि वरून दांडा ओढायच्या मशीनजवळ ठाण मांडायचा. रुंद पकडलं की पाठ रुंद होते, हात जवळ घेतले की जाड होते, तळवे आपल्याकडे फिरवले की खालचा भाग भरतो, असं तो भेटेल त्याला सांगे. चौथी पकड मानेमागची. ती म्हणे फक्त जाणकारांची. या प्रवचनात आणि हँडलं बदलण्यात तास निघून जाई. वजन मात्र पस्तीस किलोच्या पुढे सरकलं नव्हतं.

माधवी सेवाग्रामला नर्स होती. पेशंट उचलून कंबर धरायची, म्हणून सात महिन्यांपूर्वी ती जिमला येऊ लागली. ट्रेनर निकेशनं तिला तळवे आपल्याकडे करून दांडा छातीपर्यंत ओढायला शिकवलं. ती तेवढंच करी, बारा-बारा वेळा तीनदा, आणि ड्यूटीला जाई. योगेंद्रला तिची कीव यायची.

एका सकाळी तो तिच्या मागोमाग मशीनवर बसला. दांडा अर्ध्यातच अडला. पाहतो तर वजनाची पिन चाळीस किलोवर.

"कोन पोट्टा वजन तसंच ठेवून गेला बे?"

"मीच होती, भाऊ," माधवी घाम पुसत म्हणाली. "पिन काढाची राह्यली."

योगेंद्र हसला. "तरीच! तुमच्या पकडीत दंड मदत करते, ताई. खरी ताकद रुंद पकडीत दिसते. थांबा, दाखवतो." त्यानं पिन थेट सत्तरवर लावली.

"भाऊ, पहिले मांड्या दाबून धरते ते गादी खाली करा," निकेश म्हणाला.

"तू मले शिकवून राह्यला का?"

त्यानं दांड्याची दोन्ही टोकं धरली आणि जोर लावला. योगेंद्र स्वतः चौसष्ट किलोचा. वजन जागेवर राहिलं, योगेंद्रच वर गेला. पाय हवेत, चेहरा लालबुंद.

माधवीनं भाबडेपणानं विचारलं, "भाऊ, ही कोनती पकड होय?"

दुसऱ्या दिवसापासून तो तासभर उशिरा येऊ लागला. एकदा कोणी नाही असं पाहून त्यानं वीस किलो लावलं, तळवे आपल्याकडे केले आणि निकेश सांगायचा तसं, हळूहळू, बारा-बारा वेळा तीनदा ओढलं. दुसऱ्या सकाळी उठला तर पाठ ठणकत होती. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घाबरून त्यानं निकेशला फोन लावला.

"काहीतरी बिघडलं रे. पाठ दुखून राह्यली!"

"भाऊ, पाठीचा व्यायाम झाला म्हंजे पाठच दुखते."

योगेंद्रला हे काही पटलं नाही. त्यानं बाम चोळला, तीन आठवडे आराम केला आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगितलं, की ती तळव्यांची पकड मोठी धोक्याची आहे.