शेरा : चर्चा करावी

दाखल्यांच्या खात्यातल्या त्या कारकुनाला सगळं ऑफिस ‘चर्चाकाका’ म्हणायचं. फाइल कसलीही येवो, काका समासात शेरा मारणार, ‘चर्चा करावी’, आणि ती वरच्या टेबलावर ढकलणार. चर्चा कोण करतंय कपाळ! पण काकांना तरी बोल कसा लावायचा? आधीचे साहेब चुकीला मेमो देत, चांगल्या कामाला मात्र साधं ‘बरं’ही नाही. ज्यानं सही केली तो सापडला. मग माणूस ताकही फुंकूनच पिणार.

नव्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "काका, साधी प्रकरणं तुम्हीच निकाली काढा. मी फक्त सही करीन. अडलं तर मी आहेच."

काकांना आधी खरंच वाटेना. मग एक काढलं, दोन काढली, आणि अशी चटक लागली की महिन्यात त्र्याण्णव फाइली हातावेगळ्या! बायको म्हणाली, "अहो, हल्ली शीळ घालत घरी येता की!"

आणि घात झाला. एका आजीबाईंच्या हयातीच्या दाखल्यावर काकांनी ‘हयात’ऐवजी ‘मयत’वर खूण केली. सोमवारी आजीबाई काठी टेकत थेट मॅडमच्या केबिनमध्ये! शिपाई काकांना बोलवायला आला. निवृत्तीला पाच महिने, सदतीस वर्षांत एक मेमो नाही, आणि आता जाता जाता हे! कुठून या मॅडमचं ऐकलं, असं झालं त्यांना.

"चूक माझी," आत शिरताच काका म्हणाले.

"आपली. खाली सही माझी आहे, मीही न बघताच केली." मॅडमनी कोरा दाखला पुढे सरकवला. "घ्या, खूण तुम्हीच करा."

"नीट बघून हो!" आजीबाई म्हणाल्या. "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, पण दोनदा नको."

काकांनी खूण केली, तीनदा तपासली. मग हळूच विचारलं, "आणि... मेमो?"

"कसला मेमो? इतकी वर्षं ‘चर्चा करावी’ लिहीत होतात ना? बसा, करू या. हयात आणि मयत एकाखाली एक छापलेत, कुणीही चुकेल. फॉर्म कसा बदलायचा, सांगा."

काकांच्या जिवात जीव आला. त्या केबिनमधल्या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसले आणि घाम पुसत हसायला लागले.

आजीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "बाई गं, आत्ता कुठे रंग आला याच्या तोंडावर," त्या मॅडमना म्हणाल्या. "माझं राहू दे, आधी याला ‘हयात’ लिहा!"