निमंत्रकांतलं एक नाव

शेषराव सकाळीच मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला टाकायची म्हणून रुपालीच्या दुकानात आले, आणि शेवटची नजर टाकताना त्यांचा चेहरा उतरला. निमंत्रकांच्या रांगेतून त्यांच्या धाकट्या भावाचं, रामरावांचं नाव गायब होतं. काल त्यांनी स्वतः बोट ठेवून ते वाचलं होतं.

डोणगावात लग्नपत्रिका छापणं म्हणजे इंगळाशी खेळ. मामाचं नाव आत्याच्या नवऱ्याखाली गेलं तरी माणसं जेवायला येत नाहीत. म्हणून रुपालीनं गिऱ्हाइकांसाठी एक वेगळा कॉम्प्युटरच मांडून ठेवला होता. आपली नावं आपणच वरखाली करा, भांडायचं ते आपसात भांडा, मला मधे घेऊ नका, असा तिचा सरळ हिशेब. पत्रिका पास झाली की ती फाइलला कुलूप लावायची. मग वाचता येई, बदलता येत नसे.

हे नाव तर साधंसुधं नव्हतं. शेताच्या बांधावरून दोघा भावांत अबोला होता आणि या लग्नानं तो सुटत आला होता. त्या भांडणात रामराव वहिनीला, कौशल्याबाईंना, भर गल्लीत नको ते बोलून गेले होते. बाई ते विसरल्या नव्हत्या. काल शेषराव पुढे निघून गेल्यावर त्या दुकानात थोडा वेळ मागे थांबल्याही होत्या. शेषरावांना आणखी काय हवं? ते पायरीवर जाऊन फोनवर बायकोला वाट्टेल ते बोलले. पलीकडचं ऐकायला ते मधे थांबलेच नाहीत.

रुपालीला ते ऐकवेना. बाई गेल्यानंतर तिनं फाइल पुन्हा वाचली होती, नाव जागेवर होतं, आणि मगच कुलूप लावलं होतं. ते आत आल्यावर तिनं तसं सांगितलं.

"कुलूप लावल्यावर बदलत नाई म्हनता, अन् बदललं तर दिसून राह्यलं," शेषराव म्हणाले. "मंग खरं काय?"

खरं काय ते तिलाही कळेना. तिनं पुण्यातल्या भावाला, ऋत्विकला फोन लावला. दुकानातल्या कॉम्प्युटरांवर लिनक्स त्यानंच बसवलं होतं. कुणालाही बदलता येतील अशा फाइली आधी शोधू, असं म्हणून त्यानं find ही शोधायची आज्ञा सांगितली. फाइलच्या परवानगीचा आकडा 777 म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं, एवढं तिला आठवत होतं, म्हणून पुढे तिनं आपल्याच मनानं तो आकडा घातला. एकही फाइल निघाली नाही. म्हणजे सगळं बंद आहे तर, ती म्हणाली. ऋत्विक म्हणाला, तसं नाही. नुसता आकडा घातला की तंतोतंत तोच आकडा असलेल्या फाइली मिळतात. आकड्याआधी उणेचं चिन्ह घाल आणि 002 लिही, म्हणजे बाकीचं काहीही असो, परक्याला लिहिता येतं अशा सगळ्या निघतील. इथे उणे केल्यावर जास्त सापडतं, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. पण तिनं घातलं. ढीगभर कच्च्या पत्रिका पडद्यावर आल्या. शेषरावांची त्यांत नव्हतीच.

म्हणजे तिचं कुलूप तर लागलेलंच होतं. ऋत्विकनं फाइलचा मालक कोण ते बघायला सांगितलं. मालक तिथे रुपाली नव्हती, गिऱ्हाइकांचं खातं होतं. आणि वेळ काल दुपारची, कुलूप लावल्यानंतरची.

ऋत्विक म्हणाला, "ताई, ही तुझी फाइल नाहीच. तुझी कोणीतरी पुसली आणि त्याच नावाची दुसरी ठेवली. आता फाइली सोड, फोल्डर शोध."

फोल्डर शोधल्यावर एकच ओळ आली. गिऱ्हाइकांना नावं जतन करता यावीत म्हणून ठेवलेला पत्रिकांचा फोल्डर सताड उघडा होता. डब्याला कुलूप, पण डबा ज्या फडताळात तेच उघडं. डबा उचलून दुसरा ठेवायला कुणाची ना?

काल दुपारी गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरसमोर रामराव बसले होते. पत्रिका पाहू दे म्हणाले होते, आणि ती मागे कागद कापायला गेली होती. त्यांची सारी नोकरी शाळेच्या ऑफिसात टायपिंग करण्यात गेलेली. शेषरावांनी त्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हाव, म्याच काढलं," रामराव म्हणाले. "भाऊ, तू बोलावलं मले. वहिनीनं कुठी बोलावलं? जिले म्या चारचौघात तसं बोललो, तिच्या पोरीच्या पत्रिकेवर तिले न इचारता माह्यं नाव काऊन टाकता? ती म्हनंन तवा टाका."

शेषरावांनी फोन ठेवला. समोरच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा त्यांनी बाजूला सरकवला. त्यांची कीव यावी की राग, हे रुपालीला ठरवता येईना.

"छपाई थांबवू का?" तिनं विचारलं.

"थांबवा. अन् माह्यासंगं घरी चला," ते म्हणाले. "हे तुमी सांगा तिले. म्या आता कोनत्या तोंडानं सांगू?"

रुपालीनं शटर ओढलं. उणेचं चिन्ह, मालक, फोल्डर, यातलं काय काय सांगायचं याची ती वाटेत जुळवाजुळव करत होती. पण कौशल्याबाई दारातच उभ्या होत्या, डोळे सुजलेले. रुपाली एवढंच म्हणाली, "काकू, नाव तुमच्या भाऊजींनी स्वतः काढलं. तुम्ही बोलवायची वाट बघून राह्यले ते."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "भाऊजीनं निदान वाट तरी पाह्यली. घरच्या मानसानं इचारलंबी नाई," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.