वजाच्या ओळी

राधानगरीकडच्या एका दूध डेअरीत गावातल्या साऱ्या म्हशी एका सकाळीत गाई झाल्या. फॅट लागतंय म्हशीचं, पावतीवर मात्र 'गाय', आणि दरही गाईचा. गावकरी चेअरमन गणपतरावांच्या अंगावर धावले, आणि गणपतराव फोनवरून, डेअरीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या उदयसिंहांच्या. कोल्हापुरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात उदयसिंह सगळ्यांना ऐकू जाईल असं फोनवर ओरडले, "आमच्या स्नेहलनं घोळ घातलाय. काढतोच की तिला आज!"

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या स्नेहलला दोन गोष्टींची धास्ती. नोकरी जाईल हे एक. पण चूक खरंच आपली असली तर?

उदयसिंहांनी पुरावाही दाखवला. डेअरीवर नेटचा पत्ता नसतो, म्हणून सॉफ्टवेअरमधला प्रत्येक बदल पॅच फाइल करून पेनड्राइव्हवर न्यायची त्यांची पद्धत. त्या फायलींच्या ढिगात त्यांनी शब्द हुडकणारी ग्रेप ही कमांड चालवून 'म्हैस' शोधली. पहिल्या दोन फायली स्नेहलच्या निघाल्या आणि साहेबांचा शोध तिथंच संपला. निकाल आधी, चौकशी मागनं, ही आपली जुनी रीत.

स्नेहल खुर्ची ओढून बसली. पॅचमध्ये काढलेल्या ओळीपुढं वजाचं चिन्ह असतं, नव्या ओळीपुढं अधिकचं. आणि जागा कळावी म्हणून शेजारच्या ओळी तशाच, बिनचिन्हाच्या येतात. तिच्या फायलींत म्हशीची ओळ अशी नुसती शेजारी उभी होती. भांडण दोघांचं आणि धरला बघ्याला, त्यातला प्रकार.

तिनं नवा शोध लिहिला: ओळीच्या सुरुवातीला वजा, पुढं कुठंही म्हैस. आणि एंटर दाबलं.

म्हशीची ओळ काढून टाकणारी एकच फाइल आली. वर नाव उदयसिंहांचं. काल डेअरीवर चहा पिता पिता त्यांनीच केलेली दुरुस्ती.

उदयसिंहांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "व्हय की. माझीच हाय. जाऊ दे, काम कर आता."

"जाऊ कसं देऊ, सर?" स्नेहलला संताप आवरेना. "गणपतरावास्नी नाव माझं सांगितलंसा न्हवं? आता त्यास्नीच फोन लावा. स्पीकरवर."

उदयसिंहांनी फोन लावला. "गणपतराव, चूक पोरीची न्हाय. माझी हाय. तिनंच हुडकून काढली."

पलीकडं किटल्यांचा खडखडाट चालला होता.

"काढलं न्हाय न्हवं तिला अजून?" गणपतराव म्हणाले. "मग दुरुस्तीला तिलाच पाठवा. तुमी येऊ नगासा."