झिजलेली तार

प्रयोगशाळेत सगळेच त्यांना भावोजी म्हणत. काचकामाच्या खोलीतला कारागीर हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि त्याने मारलेली हाक अख्ख्या इमारतीला ऐकू जायची.

अकरा वर्षं भावोजी एका काळ्या भुकटीच्या मागे लागले होते. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटात प्लॅटिनम लागतं आणि त्यापायी तो घट कुणाला परवडत नाही. प्लॅटिनमच्या जागी लोखंड आणि काजळी भाजून केलेली आपली भुकटी चालावी, एवढाच त्यांचा हट्ट.

गेल्या महिन्यात ती चालली, आणि रोज थोडी अधिकच चालू लागली. निवृत्तीला दोन महिने उरले होते. उद्या संचालक बातमी जाहीर करणार होते.

सकाळी चाचणीच्या भांड्यातली नळी तडकली, म्हणून भावोजी ती मेव्हण्याकडे घेऊन गेले. भुकटीच्या समोरचं विजेचं टोक म्हणून नळीत प्लॅटिनमची तार बसवलेली होती. मेव्हण्याने ती चष्म्याजवळ धरली.

"भावोजी, तुमच्याकडचे उंदीर प्लॅटिनम खातात की काय?"

"म्हणजे?"

"मी बसवली तेव्हा चांगली जाड होती. आता पार केस झालाय."

"तुला बरं आठवतंय!"

"तुमच्या लग्नाची तारीख नाही आठवत, पण माझ्या हातची तार आठवते."

भावोजी स्टुलावर टेकले. तार चाचणीच्या भांड्यातल्या आम्लात विरघळत होती आणि तेच प्लॅटिनम भुकटीवर जाऊन बसत होतं. भुकटी रोज सुधारते याचा त्यांना आनंद झाला होता. शंका आली नव्हती.

मेव्हण्याने प्रथमच आवाज खाली आणला. "मी कोणाला बोलू नको ना?"

"तारेऐवजी ग्रॅफाइटची कांडी बसवून दे. आत्ता."

"ती काचेला धरत नाही, बुचातून घालतो. पण ताईचं काय? तिने सगळ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय."

"तिला मी सांगतो."

ताज्या भुकटीची चाचणी चारला संपली. आलेखाची रेघ घसरत प्लॅटिनमच्या जेमतेम निम्म्यावर थांबली. भावोजींनी चाचणी पुन्हा लावली, तेच. मग संचालकांना फोन करून उद्याचं रद्द करायला सांगितलं, आणि कारणही सांगितलं.

मेव्हणा दारातच उभा होता. "निम्मं म्हणजे नापास का हो?"

"मागच्या वर्षी पाव होतं," भावोजी म्हणाले. "ती तार आण इकडे. जाडी मोजून वहीत लिहायची राहिलीय."