राहणीमानात सुधारणा

"अगं, पन तो हार पुतळाबाईचा हाय! सगल्या गावाला ठावं हाय!"

गोजराबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली, की दिवाळे गावच्या मासळीबाजारात शेजारच्या बायांचे हात थांबले. समोर बेलापूरच्या एका संस्थेत नोकरी करणारी नमिता मान खाली घालून उभी होती. मागे टेम्पोवाला हरेश सोलरच्या फ्रीजची वायर सोडवत होता.

हा फ्रीज येण्याआधी संध्याकाळी उरलेली मासळी किसन व्यापारी मागेल त्या भावानं द्यावी लागे. फ्रीज आला आणि गोजराबाईनं जन्मात पहिल्यांदा किसनला तोंडावर नाही म्हटलं. त्या दिवशी ती नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहून एकटीच हसली होती.

नमितानं पुन्हा समजावलं. पर्यावरण जपणाऱ्या कामांत पैसे गुंतवणाऱ्यांनी हा फ्रीज दिला. त्यांच्या पैशानं कुणाचं किती भलं झालं, हे आता एआय ठरवतं, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा फोटो ताडून. गेल्या वर्षी नमिता न सांगता आली, तेव्हा गोजराबाई विटक्या लुगड्यात मासे साफ करत होती. यंदा नमितानं आधी फोन केला. आता पाहुणे फोटो काढायला येणार म्हटल्यावर कुठली कोळीण तशीच बसेल? गोजराबाई सुनेची जरीची साडी नेसली, शेजारच्या पुतळाबाईचा सोन्याचा हार मागून घातला आणि आपलं गळकं घर दिसायला नको म्हणून पुतण्याच्या टाइल्सच्या पायरीवर ऐटीत उभी राहिली. एआयनं निकाल देऊन टाकला: राहणीमानात मोठी सुधारणा, मदतीची गरज संपली, फ्रीज परत घ्यावा.

"मंग परत कार फोटू. आत्ता, हाय तशी."

"मावशी, पुढच्या वर्षापर्यंत सिस्टिम फोटो घेतच नाही. मी सरांच्या किती मागे लागले. ते म्हणतात, आपण मधे हात घातला तर रिपोर्टवर विश्वास कोण ठेवणार?"

"तू माझं घर बघितलंस ना? तुज्या डोल्यानं?"

"बघितलं."

"मंग तुला कोन इचारीत नाय?"

नमिताचे डोळे भरून आले. गोजराबाईला तिचीच कीव आली. रागवायचं तरी कुणावर? ज्यानं निकाल दिला, त्याच्या दारात जाऊन चार शिव्या घालाव्यात, तर त्याला दारच नाही.

"मावशी, आतला माल काढा. उचलायचाय," हरेश म्हणाला.

रविवारच्या गिऱ्हाइकांसाठी राखलेली पापलेटं तिनं टोपलीत काढली. किसन केव्हाच कडेला येऊन उभा होता. त्याला घाई नव्हती. त्यानं भाव सांगितला. तिनं टोपली त्याच्याकडे सरकवली.

मग ती बादलीभर पाणी घेऊन आली आणि फ्रीज आतून धुऊ लागली.

"राहू द्या, मावशी. चालतंय."

"कसा चालंल? दुसऱ्या बाईच्या घरी जायचा हाय," ती म्हणाली आणि पदरानं कोपरे पुसत राहिली.