आतल्या घोट्याची भूल

शिंपीकामात उभी हयात घालविलेल्या मास्तरांचा घोटा दोन्ही अंगांनी मोडला, आणि त्यांना भूल देण्याचे कार्य त्यांच्या कन्येवरच येऊन पडले. कारण त्या लहानशा रुग्णालयात दुसरे भूलतज्ज्ञच नव्हते. याच कन्येने बालपणी शिवलेली पहिली उशीची खोळ मास्तरांनी ब्लेडने उसवून तिच्या पुढ्यात टाकली होती. दुसऱ्याच्या कामात खोट काढणे हा त्यांचा स्वभावच होऊन बसला होता.

तिने गुडघ्यामागे मोठ्या नसेभोवती औषध सोडले. "यानं तळवा, बोटं, बाहेरचा घोटा बधिर होईल. आतल्या घोट्याची नस मात्र मांडीच्या पुढच्या बाजूनं येते. तिला वेगळी सुई."

"म्हणजे अस्तर वेगळं शिवायचं," मास्तर म्हणाले. "एका टाक्यात भागत नाही होय तुमचं?"

दुसरी सुईही झाली. काही वेळाने तिने स्पिरिटचा बोळा तळव्याला लावला. "गार लागतंय?"

मास्तरांना काहीएक जाणवले नव्हते. परंतु जिभेला वळण तेच. "लागतंय की! बर्फासारखं."

तिचा चेहरा उतरला. "बोटं हलवा बघू."

बोटे तसूभरही हलली नाहीत. सर्जन हसले. ती हसली नाही.

मग बोळा आतल्या घोट्याला टेकला, आणि तो खरोखरच गार लागला.

"इथं लागतंय गं."

"पुरे, बाबा."

"अगं, खरंच लागतंय."

"उशी लागते, दिवा डोळ्यांना लागतो. सकाळपासून तुम्हाला सगळंच लागतंय." ती सर्जनांकडे वळली. "करा सुरू."

बाहेरची बाजू निर्विघ्न पार पडली. सुरी आतल्या अंगाला लागताच मात्र मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओरडावे, तर चारचौघांत लेकीचे काम उसवल्यासारखे होईल. आयुष्यात प्रथमच त्यांनी कोणाची तरी खोट पोटात घातली.

यंत्रावर नाडी धावू लागली. "बाबा, दुखतंय का?"

"छे! झकास भूल दिलीस."

झकास! हा शब्द तिने बापाच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. ती दचकली.

"थांबा!" तिने सर्जनांना सांगितले. मांडीत पुन्हा सुई गेली.

"गार नव्हतं तेव्हा बर्फ म्हणालात. दुखतंय तर झकास म्हणता."

"मधलं तेवढं खरं होतं," मास्तर पुटपुटले.

"ते मी कशावरून ओळखायचं?"

हळूहळू आतला घोटाही बधिर झाला.

"आता नाही हं लागत," ते म्हणाले, आणि ते अक्षरशः सत्य होते.

कन्येने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती यंत्रावरचा नाडीचा आकडा उतरण्याची वाट पाहत उभी होती.